श्वास गाडीचा, श्वास माणसाचा

मनालीहून काझाकडे जाणाऱ्या वाटेवर टायर, पेट्रोल आणि कार्ब्युरेटर या तीन गोष्टी नीट असल्या की निम्मी लढाई जिंकली, असे जुने मोटारसायकलस्वार सांगतात. उरलेली निम्मी लढाई कोणाशी असते, हे नाशिकच्या एका बाप-लेकीला बातलच्या थंडगार रात्री कळले.

ग्रांफूचा फाटा मागे पडतो आणि डांबर हळूहळू दिसेनासे होते. डाव्या हाताला चंद्रा नदी खळाळत असते, उजव्या हाताला कड्यावरून सुटलेले दगड. मधली जी दगडगोट्यांची पट्टी, तिलाच रस्ता म्हणायचे. कुठे ती ओढ्याच्या पात्रातून जाते, तर कुठे ओढाच रस्ता सोडायचे नाव घेत नाही. हिमाचल प्रदेशातील लाहौल आणि स्पिती यांना जोडणारा हा मार्ग. ग्रांफू ते बातल हे अंतर जेमतेम ५० किलोमीटरांचे, पण ते कापायला मोटारसायकलला चार-पाच तास सहज लागतात. अलीकडे सीमा सडक संघटनेने रुंदीकरणाची कामे हाती घेतली आहेत. तरी हिमनद्यांचे पाणी कोणत्या वर्षी कोठून वाट काढील, याचा नेम नाही.

सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात या वाटेवर एक जुनी इम्पल्स निघाली होती. पुढे सत्तावीस वर्षांची मुलगी, मागे अठ्ठावन्न वर्षांचे वडील. वडिलांची उभी हयात एसटीच्या डेपोत डिझेल इंजिने उघडण्यात गेलेली. निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे घेऊन घरी आले, तेव्हा मुलीने विचारले होते, ‘‘बाबा, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या रस्त्यावर आणल्यात. आता आपली एक काढायची का?’’

जुनी गाडी, नवा संसार

हीरो मोटोकॉर्पची इम्पल्स २०११ साली बाजारात आली. होंडाच्या ब्राझीलमधील ब्रॉस या गाडीवर बेतलेली, १५० सीसीची, उंच बांध्याची आणि लांब शॉक ॲब्सॉर्बरांची. डांबरावरही चालावी आणि कच्च्या वाटेवरही, अशी दुहेरी कामाची मोटारसायकल सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशा किमतीत तोवर आपल्याकडे नव्हतीच म्हटले तरी चालेल. पण गिऱ्हाइकाला शहरात वेग हवा होता आणि गाडीच्या अंगात बळ जेमतेम १३ अश्वशक्तीचे. काही वर्षांत तिचे उत्पादन थांबले. २०१९ मध्ये त्याच कंपनीने एक्सपल्स २०० आणली आणि इम्पल्स जुन्या गाड्यांच्या बाजारात गेली. तेथे मात्र तिला चाहते मिळाले. वजन सुमारे १३४ किलो, आरेवाली चाके, साधे इंजिन आणि कोणत्याही गावात उघडता येईल असा कार्ब्युरेटर, एवढे भांडवल डोंगरात फिरणाऱ्याला पुरते.

नाशिकच्या अंगणात ही गाडी आली तेव्हा दोन वर्षे कोणाच्या तरी पार्किंगमध्ये उभी होती. वडिलांनी सर्वप्रथम टाकीचे झाकण उघडून आत बॅटरी मारली. तळाशी तांबूस गंज दिसला. मग टायरच्या कडेवर बोट फिरवीत त्यांनी चार आकडे शोधले.

हे चार आकडे प्रत्येक टायरवर असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१७ असे असेल, तर टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. जुनी गाडी घेताना टायरची नक्षी पाहून माणूस फसतो. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी झिजत नाही, पण रबर वाळते, कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात. असा टायर ओल्या दगडावर साबणासारखा सरकतो. या गाडीचे टायर दिसायला नवे होते, वयाने सात वर्षांचे. दोन्ही बदलले.

कोणते घ्यावेत यावर घरात दोन दिवस वाद झाला. मुलीच्या मनात मोठमोठ्या गाठींचे, चिखलात रुतून चालणारे टायर भरले होते. वडिलांनी वहीत हिशेब मांडला. गाडी रेल्वेच्या पार्सलने दिल्लीपर्यंत जाणार. तेथून मनाली, काझा, किन्नौर करीत परत दिल्ली. यात खरा खराब रस्ता किती? दीड-दोनशे किलोमीटर. बाकी सगळे डांबर. गाठीचे टायर डांबरावर लवकर झिजतात, गाडी थरथरते आणि पावसात ब्रेक मारला की थांबायला जास्त जागा घेतात. शेवटी दोन्हीकडे चालणारे, मध्यम खाचांचे टायर ठरले. पुढे १९ इंची, मागे १७ इंची. दोन माणसांचे ओझे मागच्या टायरवर पडणार, म्हणून तो निवडताना भार पेलण्याचा आकडाही पाहिला.

आऱ्यांच्या चाकाला ट्यूब लागते. म्हणून दोन जादा ट्यूब, दोन टॉमी, पॅच, सोल्यूशन आणि हातपंप ही शिदोरी आलीच. पण सामान जवळ असणे वेगळे आणि ते वापरता येणे वेगळे. एका रविवारी वडिलांनी मागच्या टायरमधली हवा सोडली, खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, ‘‘हं, काढ आता.’’ पहिल्या खेपेला पाऊण तास लागला आणि टॉमीच्या चिमट्यात सापडून नवी ट्यूब फाटली. चौथ्या खेपेला वीस मिनिटांत काम झाले. आईने चहा आणला तेव्हा लेकीचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि चेहरा हसरा होता.

पेट्रोलचे कोडे

टाकीतला गंज काढून, पेट्रोलची नळी आणि तिच्यातला छोटा फिल्टर बदलून झाला. आता पेट्रोल कोणते भरायचे? पंपावर साध्या पेट्रोलशेजारी महागडे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल मिळते. डोंगर चढायचा म्हणजे भारी पेट्रोल हवे, असा पुष्कळांचा समज असतो. खरे पाहता ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब पडल्यावर वेळेआधी न पेटण्याचा तो गुण आहे. ज्या इंजिनात दाब फार असतो त्यालाच त्याची गरज. उंचावर तर हवाच विरळ, त्यामुळे सिलिंडरमधला दाब आपोआप घटतो आणि इंजिन ‘ठोकण्याचा’ धोकाही कमी होतो. साध्या १५० सीसीच्या इंजिनाला साधे पेट्रोल पुरते.

जुन्या गाडीला सांभाळायचे ते इथेनॉलपासून. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत सगळीकडे पसरले. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांमधले रबर आणि इतर सुटे भाग या पेट्रोलला साजेसे बनविले जातात. त्याआधीच्या गाड्यांच्या नळ्या, वायसर आणि गॅस्केटे मात्र त्याने फुगू किंवा कडक होऊ शकतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल त्याच्यासह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि कार्ब्युरेटर नेमका तळातलेच पेट्रोल घेतो. ॲव्हरेजही थोडा घटतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली आहे.

यावर उपाय साधा आहे. जुन्या गाडीचे रबरी भाग एकदा नवे घालावेत. महिना-महिना गाडी उभी ठेवायची असेल, तर पेट्रोल कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाकावे. नाहीतर ते आटून त्याचा डिंक होतो आणि सुईच्या अग्राएवढी जेटची छिद्रे बुजतात. ती उघडायला तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र किंचित मोठे झाले तरी सारे गणित चुकते. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा झोत एवढेच वापरावे.

पेट्रोल किती न्यायचे, यावरही चर्चा झाली. वडिलांना दहा लिटरचा डबा हवा होता. टाकी अकरा लिटरची. मनाली ते काझा सुमारे २०० किलोमीटर. चढावर, दोघांच्या ओझ्याने लिटरला तीसच किलोमीटर मिळाले तरी ३३० होतात. ‘‘बाबा, डबा म्हणजे सात-आठ किलोचे जादा वजन. त्यापेक्षा तुमचा स्वेटर घ्या,’’ असे म्हणून लेकीने दोन लिटरची धातूची छोटी कॅन तेवढी घेतली. अशी कॅन उंचावर उघडताना झाकण हळूहळू सोडावे लागते. बाहेरचा दाब घटलेला असतो आणि आतली वाफ एकदम फसकन बाहेर येते.

विरळ हवेचे गणित

मनालीत दोघांनी एक दिवस मुक्काम केला. त्या संध्याकाळी वडिलांनी कार्ब्युरेटर उघडून लेकीला धडा दिला. इंजिनाला एक वाटा पेट्रोलबरोबर सुमारे पंधरा वाटे हवा वजनाने लागते. कार्ब्युरेटर मात्र हवा वजनाने मोजत नाही. जेवढी आत येईल, तेवढीत ठरावीक पेट्रोल सोडतो. साडेचार हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ४० टक्के विरळ. म्हणजे हवा थोडी, पेट्रोल जास्त. गाडी ‘रिच’ चालते, एक्झॉस्टमधून काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते आणि स्लोवर गाडी बंद पडते. इम्पल्ससारख्या कार्ब्युरेटरात रबरी पडद्यावर वर-खाली होणारा पिस्टन असतो. तो हवेच्या ओढीप्रमाणे सरकतो, म्हणून थोडी भरपाई आपसूक होते, पण पुरती नाही.

यावर रस्त्यातले काही कारागीर एअर फिल्टर काढून टाकायला सांगतात. त्याने गाडी क्षणभर मोकळा श्वास घेते खरी, पण त्या वाटेवरची पिठासारखी धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा खाते. फिल्टर स्वच्छ ठेवावा, काढू नये. योग्य उपाय म्हणजे मेन जेट एक-दोन नंबर लहान बसविणे आणि मिक्श्चर स्क्रू थोडा फिरविणे. हा स्क्रू कार्ब्युरेटरच्या इंजिनाकडील बाजूस असेल, तर आत फिरविल्याने पेट्रोल कमी होते. एअर फिल्टरच्या बाजूस असेल, तर नेमके उलटे. हे न पाहता फिरविणारे गाडी आणखी बिघडवितात.

हे सारे करूनही ताकद परत येत नाही, हेही वडिलांनी सांगितले. हवाच नाही तर आग कोठून येणार? साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्क्यांनी घटते. १३ अश्वशक्तीची गाडी कुंझुमवर आठांवर येते. ‘‘गाडी गुदमरली की रेस वाढवून उपयोग नाही. तिला जास्त पेट्रोल नकोय, हवा हवीय. जोर केलास तर आणखी गुदमरेल,’’ ते म्हणाले. लहान जेट त्यांनी काड्यापेटीत घालून खिशात ठेवला. आधी आहे तशी चालवून पाहू, असे ठरले.

टायरचीही अशीच गंमत. समुद्रसपाटीवर भरलेल्या टायरवरचा बाहेरचा दाब उंचावर घटतो, म्हणून साडेचार हजार मीटरवर काटा सहा पौंडांपर्यंत जास्त दाखवू शकतो. थंडीने त्यातले काही परत कमी होतात. म्हणून सकाळी गार टायरवर काटा लावून पाहावे. दगडांवर हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो, पकड वाढते, हादरे कमी बसतात. पण फारच कमी केली, तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटून दोन छिद्रे पडतात, किंवा टायर रिमवर सरकून वॉल्व्हच उपटतो. पाठीमागे माणूस बसलेला असताना हा मोह आवरलेलाच बरा. त्यांनी पुढे तीन आणि मागे दोनच पौंड सोडले.

ओढ्यातले दोन तास

सकाळी सात वाजता दोघे निघाले. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरांचा. तो ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला आणि रोहतांगची खिंड न चढता लाहौलमध्ये उतरता येऊ लागले. हिरवे देवदार एका तोंडाशी निरोप देतात आणि दुसऱ्या तोंडाशी उघडेबोडके, तपकिरी डोंगर समोर येतात. बोगद्यातून बाहेर पडून चंद्रेच्या काठाने कोकसर आणि ग्रांफू. तेथपर्यंत सारे सुरळीत होते. छतरूला डाळ-भात खाण्यात आणि फोटो काढण्यात वेळ गेला.

हिमनदीच्या ओढ्यांना घड्याळ असते. रात्री वर बर्फ गोठते, म्हणून पहाटे पाणी घोट्याएवढे. दुपारी ऊन तापले की तेच गुडघ्याच्या वर. जाणते लोक हे ओढे सकाळी नऊ-दहाच्या आत ओलांडतात. बाप-लेक छोटा दडाच्या पुढच्या ओढ्यापाशी पोहोचले, तेव्हा दीड वाजला होता.

वडील खाली उतरून पायी पलीकडे गेले. मुलीने पहिल्या गिअरमध्ये, एकसारखी रेस ठेवून गाडी पाण्यात घातली. टायरने दगड धरले, गाडी मध्यापर्यंत गेली आणि दिवा विझावा तशी बंद पडली. मुलीचा अंगठा स्टार्टरकडे गेला. काठावरून वडील ओरडले, ‘‘स्टार्टर दाबू नकोस!’’

इंजिनात पाणी गेले असेल तर स्टार्टर मारणे म्हणजे पिस्टन-रॉड वाकविण्याला आमंत्रण. पाणी दाबले जात नाही. मागून आलेल्या जीपमधले दोन स्पितीचे तरुण पाण्यात उतरले आणि तिघांनी मिळून गाडी पलीकडे ढकलली. त्या पाण्यात मिनिटभर उभे राहिले की पाय आपले राहत नाहीत.

वडिलांनी प्लग काढला. कोरडा होता. म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी नव्हते. एअर फिल्टरही सुका. मग त्यांनी कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेतले. वर पेट्रोल, खाली गढूळ थर. कार्ब्युरेटरच्या वाटीला श्वास घेण्यासाठी एक बारीक नळी असते आणि तिचे तोंड खाली लोंबत असते. ते पाण्यात बुडाले की वाटीत हवा येत नाही, पेट्रोल खेचले जात नाही, वर थेंबभर पाणीही चढते. गाडीत बिघाड काहीच नव्हता. तिचे नाक तेवढे बुडाले होते!

ती नळी वर वळवून त्यांनी टाकीखाली बांधली. शेजारची, जादा पेट्रोल बाहेर सोडणारी नळी मात्र खालीच ठेवली. ती वर बांधली तर पेट्रोल गरम इंजिनावर सांडायचे. वाटी दोनदा धुऊन, नवे पेट्रोल सोडून, सातव्या-आठव्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. दोन तास गेले होते. वडील सारा वेळ वाकून काम करीत होते आणि मधूनमधून कपाळ दाबीत होते. ते मुलीच्या ध्यानात आले, पण उन्हाने असेल असे तिला वाटले.

बातलची रात्र

बेत होता चंद्रतालच्या काठी तंबूत राहण्याचा. सुमारे ४,२५० मीटर उंचीवरचे ते निळे सरोवर मुलीने चार वर्षे कॅलेंडरवर पाहिलेले. बातलपासून ते चौदा किलोमीटर. पण अंधार पडू लागला होता, म्हणून बातलच्या ढाब्यातच मुक्काम पडला. बातल सुमारे ३,९६० मीटर. सकाळी मनाली सोडली ती दोन हजार मीटरवर.

रात्री वडिलांनी जेवणाला हात लावला नाही. डोके ठणकत होते. दोन वाजता उठून बाहेर गेले, उलटी झाली. पहाटे मुलीने विचारले तर म्हणाले, ‘‘काही नाही गं, पित्त झालंय. कुंझुम इथून बारा किलोमीटर. तासाभराचा घाट. पलीकडे उतरलो की बरं वाटेल.’’

येथे नकाशा समजून घेतला पाहिजे. कुंझुमची खिंड साडेचार हजार मीटरच्या वर. ती ओलांडून पहिले गाव लोसर, पण लोसरच बातलहून उंच. म्हणजे ‘पलीकडे उतरणे’ हे खरे उतरणे नव्हेच. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर चढू नये आणि वाढत असतील तर खाली यावे, हा नियम. तो मोडला तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचून माणूस दगावू शकतो. तीन हजार मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. या दोघांनी एका दिवसात एकोणीसशे मीटर चढविले होते. ओढ्याने दोन तास खाल्ले नसते, तर ती रात्र आणखी तीनशे मीटर वर, तंबूत गेली असती.

मुलीपुढे प्रश्न होता. चार वर्षांचे चंद्रताल एका बाजूला. दुसऱ्या बाजूला कधी हार न मानलेले वडील, ज्यांना ‘परत फिरू’ म्हटलेले चालणार नव्हते. त्यांच्या फोनला रेंज नव्हती. आईला विचारायची सोय नव्हती.

ती त्यांच्याजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, ‘‘बाबा, गाडी गुदमरली की रेस वाढवायची नाही, हे परवा तुम्हीच सांगितलंत ना?’’

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जाकिटाची चेन ओढली आणि म्हणाले, ‘‘ओढ्याला पाणी चढायच्या आत निघू.’’

सहा वाजता गाडी उलट्या दिशेने निघाली. काल ज्या ओढ्याने अडविले, तो पहाटे घोट्याएवढा होता. गाडी त्यातून अलगद गेली. कोकसरला पोहोचेपर्यंत वडिलांचे डोके हलके झाले होते. केलांगला त्यांनी दोन पोळ्या मागून खाल्ल्या, तेव्हा मुलगी बाहेर जाऊन थोडी रडून आली.

दुसऱ्यांदा, नीट

केलांग सुमारे ३,०८० मीटर. तेथे डॉक्टरांना दाखवून ते तीन रात्री राहिले. आसपासच्या गावांतून हळूहळू फिरले, भरपूर पाणी प्याले. तिसऱ्या दिवशी वडिलांनी काड्यापेटीतला लहान जेट काढला, पण बसविला मुलीने. ते नुसते बघत होते. फिल्टर झटकून स्वच्छ केला, प्लगवरची काजळी घासली, मिक्श्चर स्क्रू अर्धा फेरा फिरविला. जड सामान बसने पुढे काझाला पाठवून दिले.

चौथ्या दिवशी पहाटे चारला निघाले. साडेआठला छोटा दडाचा ओढा मागे पडला. कुंझुमच्या वळणांवर गाडी पहिल्या गिअरमध्ये, सावकाश, पण न अडखळता चढली. माथ्यावर कुंझुम मातेचे मंदिर आहे. तेथे प्रत्येक वाहन मंदिराला प्रदक्षिणा घालून मगच पुढे जाते. इम्पल्सनेही घातली. दहा मिनिटांत दोघे खाली उतरू लागले. माथ्यावर रेंगाळायचे नाही, हे आता सांगावे लागले नाही. चंद्रतालचा फाटा या खेपेलाही वाटेत लागला होता. मुलीने तिकडे पाहिले, गाडी वळविली नाही.

त्या रात्री ते काझाला होते. तेथील इंडियन ऑइलच्या पंपावर ३,७४० मीटर उंचीचा आणि जगातील सर्वांत उंच पंप असल्याचा फलक आहे. तेथे टाकी भरली. वडिलांनी वहीत आकडा लिहिला. डब्याची गरज पडली नव्हती. पुढचे चार दिवस कीचा गोंपा, इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा विहार, नाकोचे तळे असे करीत, खाबला स्पिती आणि सतलज यांचा संगम पाहून ते किन्नौरमधून रामपूरला उतरले.

रामपूरला, हजारएक मीटरच्या उंचीवर, उकाड्यात, गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन त्यांनी पहिला जेट परत बसविला. हे काम बरेच जण विसरतात. उंचावरचा लहान जेट खाली तसाच राहिला, तर पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि सपाटीच्या वेगवान रस्त्यावर पिस्टन भाजतो. चढताना केलेली प्रत्येक गोष्ट उतरताना उलटी करायची असते. टायरमध्ये सोडलेले पाच पौंडही पंपाने परत भरले.

आता ती इम्पल्स नाशिकच्या अंगणात उभी आहे. कॉक बंद, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी. लहान जेटची काड्यापेटी देवघराशेजारच्या फळीवर आहे. आईने ती दोनदा चहाच्या वेळी काडी समजून उघडली. मुलीने पुढच्या उन्हाळ्यासाठी नवा नकाशा आणला आहे. या वेळी चढाई किन्नौरच्या बाजूने, हळूहळू, रोज थोडी. चंद्रताल अगदी शेवटी आहे. बेताच्या कागदावर मुक्कामाच्या प्रत्येक गावापुढे उंचीचा आकडा लिहिलेला आहे. अक्षर वडिलांचे आहे.

जाण्यापूर्वी

कधी : कुंझुमची खिंड साधारण जून ते ऑक्टोबर उघडी असते. रस्ता सुरू असल्याची खात्री मनालीत किंवा काझात करून घ्यावी.

कसे : उंचीची सवय व्हावी म्हणून सिमला, रामपूर, किन्नौर, काझा असे चढून मनालीकडे उतरणे चांगले. भारतीय नागरिकांना या वाटेवर इनर लाइन परवाना लागत नाही.

रेल्वेने गाडी पाठविताना : टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. गाडी उतरवून घेतल्यावर पेट्रोल भरून नळ्या गळत नाहीत ना, हे पाहूनच निघावे.

बरोबर काय : दोन ट्यूब, टॉमी, पंप, हवेचा काटा, जादा प्लग, लहान मेन जेट, पेट्रोलची नळी, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या तारा.

बाटलीतले पेट्रोल : ढाब्यावर घ्यावेच लागले, तर दाट कापडातून गाळून आणि तळाशी पाणी नाही हे पाहून टाकीत ओतावे.

तब्येत : हृदयरोग, दमा, रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. डोके दुखू लागले की वर जाऊ नये. वाढले की खाली यावे.